बहुराष्ट्रीय कंपनीत कर्मचारी-स्वयंसेवेचा उपक्रम कसा उभारावा

पुण्यात हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्टा येथे ज्यांचे केंद्र आहे अशा बहुराष्ट्रीय कंपन्यांत कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवेचा उपक्रम पुष्कळदा मुख्यालयाकडून आलेल्या एका ई-मेलने सुरू होतो. जगभरातील सर्व कार्यालयांसाठी वर्षातला एक दिवस ठरलेला असतो, त्या दिवसाचे घोषवाक्य आणि टी-शर्टचा रंगही ठरलेला असतो, आणि स्थानिक एचआर विभागापुढे प्रश्न उरतो तो एवढाच, की दोनशे माणसांना चार तास पुरेल असे काम तीन आठवड्यांत आणायचे कोठून. मग एखाद्या स्वयंसेवी संस्थेला फोन जातो. त्या संस्थेला नाही म्हणणे अवघड असते, कारण हीच कंपनी उद्या सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक दायित्वाचा, निधी देऊ शकते. आणि गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीने रंगवलेली शाळेची भिंत यंदा नव्या रंगात पुन्हा रंगवली जाते.

हे टाळून संस्थेला खरोखर हातभार लागेल आणि कर्मचारीही पुढच्या वर्षी आपणहून नाव नोंदवतील असा उपक्रम कसा उभारावा, हे येथे मांडले आहे. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातील आहेत. परंतु धोरण एका देशात ठरते, निधी दुसऱ्या देशातून येतो आणि काम तिसऱ्या देशात होते, यातून उभे राहणारे प्रश्न दुबई, सिंगापूर किंवा लंडनमध्ये हेच काम सांभाळणाऱ्या वाचकांनाही ओळखीचे वाटतील.

काम आधी, माणसे नंतर

उपक्रमाची आखणी आपल्याकडे किती माणसे आहेत येथून सुरू केली, की ती चुकलीच म्हणून समजावे. सुरुवात संस्थेपासून करावी. कामाच्या दिवशी, फोटोग्राफर न नेता, कोणतेही सादरीकरण न करता संस्थेत जावे आणि संचालकांची भेट झाली तरी तेवढ्यावर न थांबता प्रत्यक्ष काम करणाऱ्या कार्यकर्त्या, हिशेब लिहिणारी व्यक्ती आणि शाळा असेल तर मुख्याध्यापक यांच्याशी बोलावे. तेथे तीन गोष्टी विचाराव्यात. हात कमी पडल्यामुळे अडलेले काम कोणते? बाहेरची किती माणसे एका वेळी झेपतील? आणि ती माणसे आली, तर त्यांच्यासोबत तुमच्यापैकी कोण राहील व त्या दिवशी त्याचे नेहमीचे काम कोण करील?

तिसऱ्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. दहा जणांच्या संस्थेत पन्नास पाहुणे सकाळभर आले, की संस्थेचे त्या दिवसाचे काम बंद पडते. पाणी, स्वच्छतागृह, गाड्या लावायची जागा, ओळख करून देणे, साहित्य हाती देणे आणि शेवटी सगळे आवरून ठेवणे या सगळ्याला संस्थेचीच माणसे लागतात. संस्था हे सहसा बोलून दाखवत नाही, म्हणून कंपनीने ते आपणहून विचारायला हवे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी दहा ते पंधरा असे येते, दोनशे असे कधीच येत नाही, आणि आलेले उत्तर तसेच्या तसे स्वीकारावे. दोनशे कर्मचाऱ्यांना सामील करून घ्यायचे असेल, तर त्यांचे पंधरा गट करून ते वर्षभरात विभागावेत. सगळ्यांना एकाच सकाळी बसमध्ये घालण्याचा आग्रह मुख्यालयाचा असतो, गरजेचा नसतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकून थोडी निराशा होण्याची तयारी ठेवावी. देणगीदारांची जुनी यादी संगणकावर नीट लावणे, लेखापरीक्षणाआधी पावत्या जुळवणे, वाचनालयातील पुस्तकांची नोंद करणे, मराठीत लिहिलेल्या वार्षिक अहवालाचा इंग्रजी मसुदा करून देणे, अशी कामे पुढे येतात. त्यांत छायाचित्र चांगले येत नाही. पण संस्थेच्या दृष्टीने वर्षभर डोक्यावर असलेले ओझे त्यामुळे उतरते, आणि ऑफिसच्या कामात मुरलेल्या माणसाला ती कामे विशेष शिकवावी लागत नाहीत.

संस्था निवडताना संख्या कमी ठेवावी. एका केंद्रासाठी तीन किंवा चार संस्था आणि प्रत्येकीशी किमान दोन वर्षांचा शब्द, एवढे पुरे होते. अंतराचा विचार व्हावा. हिंजवडीतून मुळशी तालुक्याच्या आतल्या भागात जाऊन यायचे, तर जाण्यायेण्यातच अर्धा दिवस संपतो आणि नोंदीत मात्र आठ तासांची स्वयंसेवा दिसते. भाषेचाही विचार व्हावा. पुण्यातील केंद्रांत परप्रांतांतून आलेले कर्मचारी मोठ्या संख्येने असतात आणि मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीच्या मुलाला अपूर्णांक समजावून सांगायचे, तर शिकवणाऱ्याला मराठी यावे लागते. अशा कर्मचाऱ्यांना वगळू नये. मराठी येणाऱ्या सहकाऱ्यासोबत त्यांची जोडी लावावी किंवा संगणकाशी संबंधित काम द्यावे.

एका दिवसाचे श्रम केव्हा कारणी लागतात

एका दिवसाच्या स्वयंसेवेला नावे ठेवण्याची पद्धत आहे, आणि बहुतेक वेळा ती रास्तच असते. तरीही एक दिवस पुरेसा ठरल्याची मोठी उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. पाणी फाउंडेशनची गावागावांतील जलसंधारणाच्या कामांची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली, आणि १ मे २०१८ रोजी महाराष्ट्रदिनाच्या महाश्रमदानासाठी शहरांतून माणसे मोठ्या संख्येने गावांत गेली. त्यांत आयुष्यात कधी कुदळ हाती न धरलेले लोक पुष्कळ होते. त्यांचे श्रम वाया गेले नाहीत, याचे कारण त्या एका दिवसाच्या मागेपुढे गावाचे पंचेचाळीस दिवसांचे काम उभे होते. गावातील निवडक मंडळींनी आधी प्रशिक्षण घेतलेले होते, उतारावर समतल रेषा कोठून जाते याची आखणी झालेली होती, चर किती रुंद आणि किती खोल खणायचा हे ठरलेले होते. पाहुण्याने फक्त आखून दिलेल्या जागी खणायचे होते, आणि तो परत गेल्यावर उरलेला चर गावच पुरा करणार होते. कंपनीने एक दिवसाचा कार्यक्रम ठरवताना हेच तपासावे: आपण येण्याआधी आखणी करणारे आणि आपण गेल्यावर काम पुरे करणारे कोणी तेथे आहे का? नसेल, तर तो दिवस सहलीत जमा होतो.

वृक्षारोपणात ही कसोटी सर्वांत जास्त वेळा डावलली जाते. २२ एप्रिलला वसुंधरा दिन असतो, मुख्यालयाच्या दिनदर्शिकेत तो ठळक अक्षरांत असतो, आणि नेमक्या त्या दिवसांत महाराष्ट्रातील जमीन तापलेली असते व पाण्याची ओढाताण असते. रोपे लावायची तर जून-जुलैत, पाऊस स्थिरावल्यावर लावावीत, आणि त्यांचे भवितव्य ठरते ते पुढच्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत. म्हणून स्वयंसेवकांची मुख्य पाळी त्या चार महिन्यांतील रविवारच्या सकाळी पाणी घालण्यासाठी लावावी. लावण्याचे काम तर कोणीही हौसेने करतो. जागा आणि जातीचाही विचार व्हावा. पुण्याच्या टेकड्यांवर एके काळी गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे परदेशी झाड भरमसाट लावले गेले आणि आज त्या दाटीखाली स्थानिक गवत व झुडपे फारशी वाढत नाहीत. टेकडीवरचा गवताळ भाग म्हणजे ओसाड जागा नव्हे, हे बाहेरून आलेल्या उत्साही गटाला आधी सांगावे लागते. शिवाय जमीन वन विभागाची असेल, तर त्यांच्या परवानगीवाचून फावडेही लावता येत नाही.

रक्तदानाचे गणित याहून सोपे आहे, पण तेही क्वचितच मांडले जाते. लाल रक्तपेशी साठवणुकीच्या पद्धतीनुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. पुरुषांना दोन रक्तदानांत तीन महिन्यांचे आणि स्त्रियांना चार महिन्यांचे अंतर ठेवावे लागते. १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन. त्या दिवशी शहरातील अनेक कंपन्या एकदम शिबिरे घेतात आणि मे महिन्यात, महाविद्यालये बंद व माणसे गावी गेलेली असताना, रक्तपेढ्या दात्यांच्या शोधात असतात. दिवाळीच्या आसपासही तीच स्थिती असते. तेव्हा रक्तपेढीला तारीख सांगण्याऐवजी रक्तपेढीकडून तारीख मागून घ्यावी, पिशव्यांची संख्याही तिलाच ठरवू द्यावी, आणि केंद्रातील इच्छुक दात्यांची रक्तगटानुसार यादी करून वर्षात तीन-चार छोटी शिबिरे घ्यावीत.

कौशल्याची स्वयंसेवा

कंपनीकडे संस्थेला न परवडणारी गोष्ट असते ती कौशल्य. आयबीएमने २००८ मध्ये ‘कॉर्पोरेट सर्व्हिस कोअर’ सुरू केले, तेव्हा वेगवेगळ्या देशांतील कर्मचाऱ्यांचे छोटे गट विकसनशील देशांतील एखाद्या शहरात सुमारे महिनाभर पाठवून तेथील सरकारी कार्यालये व संस्था यांचे प्रश्न सोडवायला बसवण्याची कल्पना त्यामागे होती. टाटा समूहाने २०१४ मध्ये ‘टाटा एंगेज’ सुरू केले. त्यातील ‘प्रोएंगेज’मध्ये कर्मचारी आपली नोकरी सांभाळून काही महिने एखाद्या संस्थेच्या ठरावीक प्रकल्पावर काम करतात. दोन्हींत काम आधी लिहून ठरते आणि त्याला शेवट असतो. मध्यम आकाराच्या केंद्राने परदेशी पाठवणीच्या फंदात पडू नये. दुसरा नमुना बहुतेकांना झेपण्यासारखा आहे.

कौशल्याच्या प्रत्येक कामासाठी एक पान लिहावे. काय करायचे, कशासाठी, कोणत्या तारखेपर्यंत, संस्थेतील कोणती व्यक्ती प्रश्नांना उत्तरे देणार, आणि काम संपल्यावर ते कोण चालवणार, एवढे त्यात असावे. शेवटच्या मुद्द्यावर सर्वाधिक उपक्रम घसरतात. आयटी कंपन्यांतील उत्साही मंडळी शनिवार-रविवारच्या हॅकेथॉनमध्ये संस्थेसाठी एखादे ॲप तयार करतात; ते ज्या सर्व्हरवर ठेवलेले असते त्याचे बिल कोणा एकाच्या कार्डावरून जात असते, पासवर्ड त्याच्याच मेलमध्ये असतो, आणि त्याने नोकरी बदलली की सहा महिन्यांत ॲप बंद पडते व संस्था पुन्हा वहीकडे वळते. संस्थेला जे आधीपासून येते त्याच्या एक पाऊल पुढचेच साधन द्यावे. नीट बांधलेली, मराठी शीर्षकांची, चुकीची नोंद झाली तर लाल होणारी एक्सेलची फाइल आणि ती वापरायला शिकवणारे दोन तास, हे बहुतेक वेळा ॲपपेक्षा जास्त टिकते. हे ऐकून अभियंत्यांचा हिरमोड होतो, त्याला इलाज नाही.

कौशल्य आहे म्हणून काम जुळतेच असेही नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत लेखनिक होण्याची अनेकांची इच्छा असते. परंतु विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणत असेल, तर त्या लेखनिकाचे शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा कमी असावे, असे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना सांगतात; म्हणजे दहावीच्या विद्यार्थ्याला खालच्या इयत्तेतील मुलगाच लागतो, तेथे बी.ई. झालेला कर्मचारी चालत नाही. त्याच विद्यार्थ्याला अभ्यासाच्या काळात मात्र नोट्स वाचून ध्वनिमुद्रित करून देणारा आणि स्कॅन केलेल्या पानांतील चुका दुरुस्त करून ती स्क्रीन रीडरला, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येतील अशी करणारा माणूस हवा असतो. हे काम घरून, रात्री, कोणत्याही देशात बसून करता येते, आणि मराठी मजकूर असेल तर न्यू जर्सीतील मराठी सहकारीही त्यात येऊ शकतो. वेगवेगळ्या देशांतील कार्यालयांनी मिळून करण्याजोगे खरे काम मला या प्रकारात दिसते.

वेळ, टाइमशीट आणि मॅनेजर

स्वयंसेवेसाठी पगारी वेळ देणे ही जुनी रीत आहे. टिंबरलँड या अमेरिकी पादत्राण कंपनीने १९९२ मध्ये ती सुरू केली आणि पुढे वर्षाला ४० तासांपर्यंत वाढवली. सेल्सफोर्स वर्षाला सात दिवस, म्हणजे ५६ तास देते. आपल्या केंद्राला एवढे देता येईलच असे नाही, पण जे काही द्यायचे ते धोरणात लिहून द्यावे. दोन दिवसही चालतील. लिहिलेले दोन दिवस हे ‘मॅनेजरच्या सोयीनुसार’ मिळणाऱ्या अमर्याद वेळेपेक्षा बरे.

धोरण कितीही उदार असले तरी त्याचे भवितव्य टाइमशीटवर ठरते. ग्राहकाला तासांनुसार बिल लावणाऱ्या कंपनीत प्रत्येक तासाला कोड लागतो आणि स्वयंसेवेला स्वतंत्र कोड नसेल, तर तो तास एक तर रजेत जातो किंवा बिलिंग न झालेल्या वेळेत. मग महिनाअखेरीस मॅनेजरला विचारणा होते आणि पुढच्या वेळी तो मंजुरी देत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या उद्दिष्टांतून हे तास आधीच वजा केलेले असायला हवेत. कोड उघडणे, उद्दिष्टातून तास वजा करणे आणि मंजुरीला किमान दोन आठवड्यांची मुदत ठेवणे, या तीन गोष्टी वित्त विभागाकडून करून घेतल्या, की उपक्रमाचे निम्मे काम झाले. त्यानंतर पोर्टल कोणते घ्यावे याची चर्चा करावी. पहिल्या वर्षी साधा नोंदणी अर्ज पुरतो.

दुपारी सुरू होऊन रात्री उशिरा संपणाऱ्या शिफ्टचे कर्मचारी सकाळच्या कार्यक्रमाला येऊ शकत नाहीत, हे आयोजक बहुधा विसरतात. त्यांच्यासाठी उशिरा सकाळचे किंवा घरून करण्याचे काम असावे. सहभाग ऐच्छिक राहावा आणि तो वार्षिक मूल्यमापनाशी जोडू नये. नाव न नोंदवणाऱ्याला कारण विचारू नये; घरी आजारी आईवडिलांची सेवा करणारा कर्मचारी कोणत्याही नोंदीत येत नसतो. बाहेरच्या एजन्सीमार्फत आलेले सफाई व सुरक्षा कर्मचारी यांना कार्यक्रमाच्या मांडामांडीला राबवून वर त्यांची गणना स्वयंसेवकांत करण्याचा प्रकार तर पूर्णपणे बंद व्हावा.

कायद्याच्या बाजू

भारतात कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते. कर्मचाऱ्यांनी या प्रकल्पांत भाग घ्यावा, याला सरकारचे प्रोत्साहनच आहे. परंतु त्यांच्या सेवेचे पैशांत रूपांतर करून ती रक्कम या २ टक्क्यांत धरता येत नाही, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलेले आहे. मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे कार्यक्रमही त्यात बसत नाहीत, आणि कंपनीच्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च तर नाहीच. म्हणून स्वयंसेवकांच्या बस, नाश्ता आणि टी-शर्टचा खर्च एचआरच्या अंदाजपत्रकातून करावा. ही विभागणी वर्षाच्या सुरुवातीला लेखापरीक्षकाला दाखवून घेतली, की मार्चमध्ये धावपळ होत नाही.

परदेशातून येणाऱ्या पैशाबाबत विशेष सावध राहावे. कर्मचाऱ्याने दिलेल्या तासांच्या प्रमाणात संस्थेला देणगी देण्याची पद्धत अमेरिकी कंपन्यांत रुळलेली आहे. मायक्रोसॉफ्ट अमेरिकेत दर तासाला २५ डॉलर देते. तीच योजना भारतात आणली आणि रक्कम परदेशातील मूळ कंपनीकडून किंवा तिच्या फाउंडेशनकडून थेट आली, तर ती परकीय अंशदान ठरते. ती घेण्यासाठी संस्थेकडे एफसीआरए (परकीय अंशदान नियमन कायदा) नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावे लागतात. ज्या संस्थेकडे नोंदणी आहे तिने ते दुसऱ्या संस्थेकडे वळवणेही त्याच दुरुस्तीने बंद झाले. गावपातळीवरील बहुतांश संस्थांकडे ही नोंदणी नसते. तेव्हा पोर्टलवर ‘देणगी द्या’ हे बटण दिसण्याआधी कोणाला पैसे मिळू शकतात याची यादी वकिलाकडून तपासून घ्यावी, अन्यथा कर्मचाऱ्याला दिलेला शब्द मोडतो.

मुलांसोबतच्या कामात सवलत नसावी. कोणताही स्वयंसेवक मुलासोबत एकटा राहणार नाही, मुलाचा फोन नंबर घेणार नाही, आपला देणार नाही, स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढणार नाही, हे लेखी घ्यावे आणि निघण्याआधी तोंडीही सांगावे. बालगृहातील मुलांची ओळख उघड होईल असे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे, आणि लिंक्डइनवरची पोस्टही प्रसिद्धीच असते. मुलावर अत्याचार होत असल्याचे लक्षात आले, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कंपनीतल्या कंपनीत चौकशी करत बसण्याची मुभा नाही. कामाच्या निमित्ताने कर्मचारी जेथे जातो ती जागा आणि कंपनीने दिलेले वाहन हेही २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार कामाचेच ठिकाण मानले जाते, म्हणून अशा तक्रारी घेणाऱ्या अंतर्गत समितीचा संपर्क सहलीच्या पत्रकावर असावा.

इतर देशांत नियम निराळे आहेत. अमेरिकेत मालकाच्या सांगण्यावरून किंवा त्याच्या देखरेखीखाली केलेल्या धर्मादाय कामाची वेळ कामाची वेळ धरली जाते, म्हणून तेथे तासावर पगार घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना ‘स्वेच्छेने या’ असे मॅनेजरने म्हणताना विचार करावा लागतो. इंग्लंड व वेल्समध्ये मुलांसोबत नियमित काम करणाऱ्यांची डीबीएस पडताळणी, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी, होते आणि तिला वेळ लागतो. संयुक्त अरब अमिरातीत परवान्याशिवाय देणग्या गोळा करणे गुन्हा आहे. मुंबई कार्यालयात सहज फिरणारा मदतनिधीचा संदेश दुबई कार्यालयाच्या ग्रुपवर टाकणारा माणूस सहकाऱ्यांना अडचणीत आणू शकतो.

मुख्यालयाने काय ठरवावे आणि काय सोडावे

यावरून मुख्यालयाच्या अधिकाराची सीमा बरीचशी स्पष्ट होते. किमान पगारी तास, मुलांच्या सुरक्षिततेचे नियम, कोणत्या प्रकारच्या संस्थांसोबत काम करायचे नाही, आणि वर्षाचा निधी, हे मुख्यालयाने ठरवावे. दिवस, संस्था, गटाचा आकार आणि कामाचा प्रकार हे स्थानिक केंद्रावर सोडावे. ५ डिसेंबरचा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन महाराष्ट्राला सोयीचा आहे, कारण पाऊस गेलेला असतो, थंडी पडलेली असते आणि शाळा भरलेल्या असतात. २ ते ८ ऑक्टोबरच्या दानउत्सवाच्या आठवड्यात मात्र संस्थांकडे एकाच वेळी इतक्या कंपन्या येतात, की त्या आठवड्यात पैसे किंवा साहित्य द्यावे आणि माणसे नोव्हेंबरात न्यावीत. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे शाश्वत विकासासाठी स्वयंसेवेचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केल्यामुळे मुख्यालयांकडून येणाऱ्या सूचनांची संख्या वाढली, तर नवल नाही. अशा वेळी ही सीमा लेखी असलेली बरी.

आर्थिक वर्षाचाही घोळ असतो. अनेक परदेशी कंपन्यांचे वर्ष जानेवारीत सुरू होते, निधी फेब्रुवारीत कळतो, मंजुरी मार्चमध्ये येते आणि स्वयंसेवक एप्रिलमध्ये सज्ज होतात, तेव्हा आपल्याकडील शाळा परीक्षा आटोपून सुटीच्या मार्गाला लागलेल्या असतात. शिकवण्याचा उपक्रम असेल, तर त्याचा निधी आदल्या नोव्हेंबरातच मागून ठेवावा, मे महिन्यात स्वयंसेवकांचे प्रशिक्षण उरकावे आणि शाळा जूनमध्ये उघडून स्थिरावल्यावर जुलैपासून वर्ग सुरू करावेत.

संस्थेला पैसे देण्याबाबत संकोच नसावा. स्वयंसेवकांचे नियोजन करणाऱ्या संस्थेतील व्यक्तीचा निम्मा पगार कंपनीने उचलला, तर उपक्रमाचा दर्जा जितका सुधारतो तितका दुसऱ्या कशानेही सुधारत नाही. सीएसआर नियमांतील ५ टक्क्यांची प्रशासकीय खर्चाची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण व्यवस्थापनासाठी आहे. विशिष्ट प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च तिच्यात येत नाही. या नियमाचा उलटा अर्थ लावून संस्थेला समन्वयकाचा पगार नाकारणारे अधिकारी भेटतात.

काय मोजावे

मुख्यालयाच्या डॅशबोर्डला तास हवे असतात, ते द्यावेत. अमेरिकेतील इंडिपेंडंट सेक्टर ही संस्था स्वयंसेवेच्या एका तासाचे डॉलरमधील मूल्य दरवर्षी जाहीर करते आणि त्या दराने गुणून मोठा आकडा तयार होतो. पुण्यातील चार तासांच्या पावत्या-जुळवणीला अमेरिकेतील सरासरी दर लावण्यात काही शहाणपण नाही, पण त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये. आपल्यासाठी मात्र वेगळी नोंद ठेवावी: काम संपल्यानंतर तीन महिन्यांनी संस्थेला फोन करून विचारावे, की दिलेली फाइल वापरात आहे का, लावलेल्या रोपांपैकी किती जगली, वाचनाच्या वर्गाला आता किती मुले येतात, आणि पुढच्या वर्षी हेच काम पुन्हा करावे का. हा फोन निधी मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने करू नये, कारण त्याला कोणतीही संस्था खरे सांगणार नाही. कर्मचाऱ्यांच्या बाजूने एकच आकडा पाहावा, तो म्हणजे दुसऱ्यांदा नाव नोंदवणाऱ्यांचा.

पहिल्या वर्षी दोन संस्था, तीस ते चाळीस स्वयंसेवक आणि एक नियमित काम एवढ्यावर थांबावे. स्वयंसेवकांचे गटप्रमुख निवडताना महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे केलेल्यांना प्राधान्य द्यावे. गावात जाऊन आधी ऐकून घेण्याची सवय त्यांना असते, आणि अशी माणसे प्रत्येक केंद्रात निघतातच. दर गटासोबत जाणारा प्रमुख शक्यतो बदलू नये, म्हणजे संस्थेला दर वेळी नव्याने सगळे सांगत बसावे लागत नाही.

कंपनीतील सीएसआर समन्वयक दोन-तीन वर्षांत बदलतो आणि त्याच्यासोबत संस्थेशी असलेली ओळखही जाते. त्यासाठी प्रत्येक संस्थेची एक फाइल ठेवावी, तिच्यात कामाची ती एक-एक पाने, तीन महिन्यांनी केलेल्या फोनच्या नोंदी, संस्थेने कोणत्या महिन्यांत येऊ नका असे सांगितले आहे ते, आणि दिलेले पण अजून न पाळलेले शब्द लिहिलेले असावेत. सहकार्य थांबवायचे असेल, तर तेही निदान सहा महिने आधी, भेटून सांगावे आणि त्या सहा महिन्यांत संस्थेची गाठ दुसऱ्या एखाद्या कंपनीशी घालून द्यावी.